थ्रॅश, डेथ की ब्लॅक? मेटलमधला वाद कानाने कसा सोडवायचा

थ्रॅश, डेथ, ब्लॅक हे हेवी मेटल या जड रॉक संगीताचे उपप्रकार, आणि मेटालिका हा त्यातला एक बँड. 'मेटालिका थ्रॅश आहे की नाही?' हा प्रश्न म्हापशाच्या कॉलेज कट्ट्यावर निघो किंवा रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर, दोन तासांनीही तो जागचा हललेला नसतो. एकाच्या डोक्यात १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' असतो, दुसऱ्याच्या डोक्यात १९९१ चा तो काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम. पहिल्याचं शीर्षकगीत मिनिटाला साधारण २१० ठोक्यांनी धावतं, तर दुसऱ्यातलं पहिलंच गाणं सुमारे १२३ वर चालतं. बँड तोच, मधे फक्त पाच वर्षं. दोघंही खरं बोलतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात.

म्हणून पहिला नियम: लेबल बँडला लावू नका, अल्बमला लावा. जमलं तर गाण्याला लावा.

गोव्याच्या माणसाला हे अवघड वाटू नये. मांडो आणि दुलपोद एकाच बैठकीत, त्याच गळ्यातून आणि त्याच वाद्यांवर होतात, पण मांडो संथ ६/४ मध्ये डोलतो आणि दुलपोद ६/८ मध्ये नाचतं, त्यामुळे कुणी गोंधळत नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. घराणं एकच, पण गाणं ऐकताच कोण ते कळतं. उपप्रकाराचं नाव घराण्यासारखंच असतं: आवाज कुठून आला ते सांगतं, पुढे प्रत्येकाने त्याचं काय केलं ते सांगत नाही. आणि बाहेरच्यांनी दिलेलं नाव किती ढिलं असतं ते कळायला 'गोवा ट्रान्स' पुरेसं आहे. युरोपात कित्येक जण कुठल्याही सायकेडेलिक ट्रान्सला सरसकट 'गोवा' म्हणतात. ज्यांनी हणजुणेच्या पार्ट्यांतलं नव्वदीचं संगीत ऐकलंय, त्यांना फरक पहिल्या मिनिटात कळतो.

मेटलचा उपप्रकार ओळखताना कान गिटार, ड्रम, आवाज, ध्वनिमुद्रण आणि विषय यांवर ठेवायचा. पाचांना सारखं वजन नाही. गिटार आणि ड्रम मिळून निकाल देतात. विषयाचं वजन सगळ्यांत कमी, आणि वाद मात्र बहुतेक वेळा विषयावरूनच पेटतात.

गिटार: षड्ज, पंचम आणि कापलेली लहर

डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की लहरीचे माथे कापले जावेत. त्या कापलेल्या लहरीतून मुळात नसलेले नवे स्वरांश तयार होतात. दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. मेटलचा सगळा पाया या वजाबाकीत आहे.

उदाहरण घ्या. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर कंपते, तिला षड्ज धरू. तिचा पंचम साधारण १२३ वर येतो. फरक ४१, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. कुणी न वाजवताच खर्ज मिळतो. तंबोऱ्यात षड्ज-पंचम भरून वाटतात, त्याच नात्याचा हा फायदा. एकत्र वाजवलेल्या स्वरांना कॉर्ड म्हणतात, आणि या जोडीला पॉवर कॉर्ड. आता त्यात गंधार घाला. गिटारचा गंधार ट्यूनिंगच्या सोयीसाठी किंचित चढा असतो, सुमारे १०३.८. मग षड्ज-गंधारातला फरक साधारण २१.४ आणि गंधार-पंचमातला १९.७ येतो. हे दोन फरक जुळत नाहीत, एकमेकांवर आपटतात आणि चिखल होतो. मेटलमध्ये भरगच्च कॉर्ड कमी आणि षड्ज-पंचम जास्त का, याचं हे कारण.

उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (जिथे तारा गिटारच्या अंगाला टेकतात) तारांवर टेकवून वाजवलं की 'चग-चग' असा दबका आवाज येतो. हा पाम म्यूट. हात पाच मिलिमीटर पुढे सरकला तर तार मरते आणि नुसता 'थड' ऐकू येतो, मागे सरकला तर दाबच राहत नाही. थ्रॅशचा कणा म्हणजे हा पाम म्यूट आणि वेगवान, बहुतेक वेळा फक्त खालच्या दिशेचे फटकारे. रिफ म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर सांगावं की पुनःपुन्हा येणारा मुखडा, ज्यावर गाणं उभं असतं. थ्रॅशमध्ये त्या मुखड्याचा ताल महत्त्वाचा, पॉवर मेटल या उपप्रकारात सूर.

तार किती उतरवली तेही ऐका. ब्लॅक सॅबाथ बँडच्या टोनी आयोमी या डावखुऱ्या गिटारवादकाच्या उजव्या, म्हणजे तारा दाबायच्या, हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात कापली गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या अल्बमपासून तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या, म्हणजे त्या सैल होऊन बोटांना कमी त्रास होईल. जड आवाजाचं जे तत्त्वज्ञान सांगितलं जातं, त्याचं एक मूळ एका अपघातात आहे. पुढे स्वीडनमधले डेथ मेटलवाले जाड तार सुमारे ६२ हर्ट्झपर्यंत खाली घेऊन गेले, आणि तिथलाच मेशुगा हा बँड आठ तारांच्या गिटारवर ४४ च्या आसपास. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ वर असते, म्हणजे तिथे गिटार बासच्या घरात शिरते.

इथे ऐकणाऱ्याची मोठी चूक होते. मोबाइलच्या स्पीकरमधून ६२ किंवा ४४ हर्ट्झ बाहेर पडतच नाही, फक्त वरचे स्वरांश येतात. फोनवर ऐकून 'हे सगळं सारखंच आहे' म्हणणं म्हणजे चवथीच्या आरतीत घुमट बंद करून फक्त कांसाळं ऐकणं. साधे तारवाले इयरफोन लावले तरी निम्मे वाद मिटतात.

वाजवणाऱ्यांसाठी दोन शब्द. तारा इतक्या उतरवायच्या तर ९-४२ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीचा सेट चालणार नाही. तार फ्रेटवर खडखडते आणि जोरात मारली की स्वर वर चढून परत येतो. बी ट्यूनिंगला, म्हणजे वरच्या ६२ हर्ट्झला, सगळ्यात जाड तार ६० च्या आसपास लागते, आणि नटची (गळ्याच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच ती बसेल इतकी रुंद करावी लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

स्टॉकहोमचा करवती आवाज

डेथ मेटल हे एकच नाव असलं तरी त्याची दोन माहेरं वेगळी ऐकू येतात. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात मॉरिसाउंड स्टुडिओत मॉर्बिड एंजल, ऑबिच्युअरी, डेथ या बँडांचं काम झालं. तिथला आवाज कोरडा आणि स्पष्ट, ड्रमची प्रत्येक थाप वेगळी. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कॉग्सबर्ग या ध्वनिमुद्रकाकडे एन्टूम्ड या बँडने 'लेफ्ट हँड पाथ' हा अल्बम केला, १९९० मध्ये. त्या आवाजामागे बॉस कंपनीचं एचएम-२ हे पायाखालचं पेडल आहे. त्याला चार बटणं: लेव्हल, लो, हाय आणि डिस्टॉर्शन. चारही पूर्ण उजवीकडे फिरवायची. कुठलाही शहाणा माणूस असं करणार नाही, पण त्यातून लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीसारखा जो गुरगुराट निघतो त्याला तोड नाही. तो एकदा ओळखला की डोळे मिटूनही 'हे स्वीडिश वळणाचं' असं सांगता येतं, मग बँड भारतातला असो वा ब्राझीलचा. तरीही 'करवत आहे म्हणून डेथ' असं म्हणू नका, कारण हेच पेडल आज हार्डकोर, म्हणजे पंक या रांगड्या रॉकचा जोरकस प्रकार, वाजवणारेही सर्रास वापरतात.

ड्रम: वेग कुणाचा?

'हे फास्ट आहे', 'छे, स्लो आहे' या वादात बहुतेकदा वेग कुणाचा मोजायचा हेच ठरलेलं नसतं. ठाय, दुगुन, चौगुन माहीत असलेल्याला हे समजावायला लागत नाही. ब्लॅक मेटलच्या गाण्यात ड्रमर चौगुनीत असतो आणि गिटारचा कॉर्ड चार-चार सेकंद बदलत नाही, म्हणजे स्वर ठायीत. हात ऐकणाऱ्याला ते वादळ वाटतं, स्वर ऐकणाऱ्याला समुद्र. दोन्ही खरं. म्हणून आधी मूळ मात्रा शोधा: पंधरा सेकंद पायाने ठेका धरा, ठोके मोजा, चारने गुणा. उत्तर १०० आलं आणि समोरच्याचं २०० आलं, तर एकाने दुगुन मोजली आहे एवढंच.

ब्लास्ट बीट म्हणजे स्नेअर (हाताने वाजवायचा ड्रम) आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकाआड एक, मधे श्वास नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या गाण्यात एका मात्रेला दोन या हिशेबाने स्नेअरवर मिनिटाला ४८० घाव पडतात, सेकंदाला आठ. डबल पेडलवर दोन्ही पायांनी एका मात्रेला चार धरले तर २०० मात्रांच्या गाण्यात सेकंदाला तेरापेक्षा जास्त थापा होतात. इथे नव्या ड्रमरचं नेहमी एकच बिघडतं: मांडी वापरली जाते. १६० च्या वर मांडी दमते आणि थापा गोळा होतात. घोट्यापासून काम करावं लागतं, आणि ते मेट्रोनोमवर ८० पासून आठवड्याला दोन-चार मात्रा वाढवतच येतं.

थ्रॅशमध्ये ब्लास्ट क्वचित. तिथे किक-स्नेअर-किक-स्नेअर अशी सरळ पळापळ असते, पंकमधून आलेली. डूम या संथ उपप्रकारात मिनिटाला ५०–७० मात्रा, दोन घावांमधे सिंबल (झांज) विझेपर्यंत थांबणं. ग्राइंडकोर पंक आणि डेथ यांच्या मधे उभा. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथचं एक गाणं सेकंद-सव्वासेकंदात संपतं आणि गिनीज बुकात सर्वांत छोटं गाणं म्हणून नोंदलं गेलं आहे.

मेशुगासारख्या बँडांबद्दल 'विचित्र ताल' असं म्हटलं जातं. खरं तर सिंबल अगदी साध्या चारात चाललेला असतो. गिटार आणि किक वेगळ्या लांबीचं चक्र फिरवतात. समजा, गिटारचं चक्र २५ छोट्या मात्रांचं आहे आणि मागचा ठेका सोळाचा, म्हणजे आपल्या तीनतालाएवढा. गिटारची पाच चक्रं झाली की १२५ होतात, त्याला तीन मात्रांचा तुकडा जोडला की १२८, म्हणजे बरोबर आठ आवर्तनं, आणि सगळे समेवर. लयीचे जाणकार खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात लयीचा हा हिशेब परका वाटायचं कारण नाही. ऐकताना गिटारच्या मागे धावू नका. हाताने सिंबलचे चार धरा, समेची वाट बघा. तीन-चार वेळा ऐकल्यावर सम येण्याआधी कळायला लागते. 'जेंट' हे नाव या दबक्या, कापलेल्या गिटारच्या आवाजावरूनच पडलं. ते नाव आवाजाचं की प्रकाराचं, यावर अजून एकमत नाही, आणि आवाजाचं म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे.

आवाज

गायकाची गुरगुर दिसली की डेथ आणि किंकाळी दिसली की ब्लॅक, एवढ्यावर निकाल देऊ नका. खालचा जाड आवाज स्वरयंत्रातल्या खऱ्या पट्ट्यांच्या वरच्या 'खोट्या' पट्ट्या कंपवून काढतात, आणि खाकरल्यासारखा वरचा आवाज खऱ्या पट्ट्या ढिल्या ठेवून. दोन्हींत जोर पोटातून येतो. घशात खाज, वेदना किंवा दुसऱ्या दिवशी बसलेला आवाज म्हणजे पद्धत चुकते आहे, तिथेच थांबायचं.

जिथे हमखास भांडण होतं

व्हेनमच्या १९८२ च्या अल्बमचं नावच 'ब्लॅक मेटल'. पण रिफ ऐकले तर ते मोटरहेड आणि तेव्हाच्या ब्रिटिश हेवी मेटलच्या जवळचे, जरा ओबडधोबड. नाव तिथून आलं, आवाज नंतर स्वीडनच्या बाथोरीने आणि नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेने घडवला. त्यामुळे 'व्हेनम पहिला ब्लॅक मेटल बँड' हे नावापुरतं बरोबर आहे.

डार्कथ्रोन हे त्याहून चांगलं उदाहरण. १९९१ चा त्यांचा पहिला अल्बम डेथ मेटल आहे, तोही सनलाइट स्टुडिओतला. १९९२ चा दुसरा पातळ, गार, धुकट आवाजाचा ब्लॅक मेटल. ब्लॅक मेटलवाले मुद्दाम पॉवर कॉर्डचा नियम मोडतात: डिस्टॉर्शन ठेवून पूर्ण मायनर (कोमल गंधाराची) कॉर्ड, तेही वरच्या तारांवर, बास कमी. वर सांगितलेला तो चिखल इथे धुकं म्हणून वापरला जातो. ध्वनिमुद्रण 'खराब' असल्याची तक्रार इथे लागू पडत नाही, ते तसंच हवं असतं.

मेटलकोर आणि मेलोडिक डेथ यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. १९९५-९६ च्या सुमारास स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या अॅट द गेट्स, इन फ्लेम्स यांनी दोन गिटारींच्या जुळ्या सुरावटी डेथ मेटलमध्ये आणल्या. काही वर्षांनी अमेरिकेतल्या मुलांनी त्याच सुरावटी घेतल्या आणि त्यांना हार्डकोरचा ब्रेकडाउन जोडला: गाणं अचानक अर्ध्या लयीत उतरतं, गिटार आणि किक एकत्र दणके देतात. एकच परीक्षा करा. गाण्याचा कळस कुठे येतो? सोलो किंवा सुरावटीवर येत असेल तर बहुधा मेलोडिक डेथ, ब्रेकडाउनवर येत असेल तर मेटलकोर. स्वच्छ गळ्यातला कोरस ही दुय्यम खूण.

आणि जुना प्रश्न: ब्लॅक सॅबाथ मेटल की हार्ड रॉक? १३ फेब्रुवारी १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावा. पाऊस, घंटा, मग तीन स्वर: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि दोघांच्या बरोबर मधोमध तीव्र मध्यम. यमनात तीव्र मध्यम गोड लागतो, कारण गंधार-पंचम त्याला दोन्ही बाजूंनी धरून असतात. इथे त्याला उघड्यावर सोडलंय आणि त्याच्यावर थांबलेत. ब्लूजमधून आलेल्या रॉकमध्ये असं थांबणं नव्हतं. मेटलची सुरुवात इथे धरणाऱ्यांची बाजू त्या तीन स्वरांवर जिंकते, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्याला काय ऐकवायचं, कसं

'स्लेयर ऐक, भारी आहे' ही शिफारस फुकट जाते. बँडचं नाव, अल्बम, वर्ष, एक गाणं आणि त्यात काय ऐकायचं, एवढं लिहा. उदाहरणार्थ: 'मास्टर ऑफ पपेट्सचं शीर्षकगीत. सुरुवातीचे खालच्या दिशेचे फटकारे ऐक, साडेतीन मिनिटांच्या आसपास सगळं शांत होतं तिथे पुढे ढकलू नकोस.' ऐकणाऱ्याच्या आवडीला जोडा. भजन-नाट्यसंगीतात वाढलेल्या कानाला सूर हवा असतो, त्याला आयर्न मेडन किंवा हॅलोवीन द्या. ढोल-ताशांच्या शिगम्यात रमणाऱ्याला सेपल्टुराचा 'रूट्स', १९९६ चा, ब्राझीलच्या तालवाद्यांसह. पहिल्याच दिवशी ब्लास्ट बीट देऊ नका. आणि एका वेळी एकच अल्बम. वीस लिंकांची यादी कुणी उघडत नाही.

गीतांचे शब्द आधी वाचा. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलभोवती १९९२-९३ मध्ये चर्च जाळण्याचे आणि खुनाचे गुन्हे घडले, आणि काही बँडांनी पुढे उघड वंशद्वेष गायला. ज्या ग्रुपवर शेजारचा कॅथलिक मित्र आहे तिथे हे न सांगता अल्बम टाकणं योग्य नाही. संगीत कसं आहे आणि माणसं काय वागली, हे दोन्ही सांगा. ऐकायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

आवाजाची मर्यादा हीही शिफारशीचाच भाग. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. इयरफोनवर पूर्ण आवाजात १०० सहज गाठलं जातं. गिगहून परतल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर मर्यादा ओलांडली आहे. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, पण कान बिघडायला दहापर्यंतचे तीन तासच पुरेसे असतात. इअरप्लग खिशात ठेवा.

आता एक भारतीय अल्बम या सगळ्या कसोट्यांवर घासून बघा: मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं. विषयावरून कुणी याला 'वैदिक मेटल' म्हणेल, कुणी 'फोक'. पण पेडण्यात रात्रभर दशावतारी नाटक बघितलेल्या माणसाने त्या नाटकातली वाद्यं शोधून निकाल देऊ नये. ब्लास्ट बीट मोजा, उतरवलेल्या तारांचा पाम म्यूट ऐका, मागे कीबोर्डचा ऑर्केस्ट्रा कुठे फुगतो ते बघा, गुरगुर आणि स्वच्छ गळा यांची अदलाबदल टिपा. संगीताने हा सिंफनिक वळणाचा डेथ मेटल आहे, ब्लॅक मेटलची छटा असलेला. विषय दशावताराचा. परशुरामाचं गाणं शोधून आधी लावा. समुद्र हटवून ही भूमी उभी केल्याची त्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली असते, त्यामुळे शब्दांवर लक्ष कमी जातं आणि किक ड्रम नीट ऐकू येतो.